सात सुयांची चंची

कंग्राळीहून बेळगावात येताना परवा बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे चुना मागितला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तर त्यानं माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. "आक्का, एवढी मोठी चंची गळ्यात घालून बसलाय, आन् चिमूटभर चुना न्हाय व्हय?" मी चंची उघडून त्याच्यापुढे धरली. आत ओळीनं लावलेल्या सुया बघून तो खिडकीकडे सरकला.

चूक त्याची नाही. चंची म्हणजे पान, सुपारी, काथ, तंबाखू यांची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. गुंडाळायची, नाडी बांधायची आणि कमरेला खोचायची. आमच्या भागातल्या सगळ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे ती असायची. मी त्याच घडणीची चंची शिवणकामाच्या सामानासाठी केली आणि कमरेवरून गळ्यात आणली. या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "मालतीबाई, तुमच्या शोधाविषयी लिहा." शोध हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. मी शोधबिध काही लावलेला नाही. एक सुई हरवली होती, ती मी नीट शोधली नाही, त्यातून ही चंची झाली. ज्या बाईसाठी ती केली, तिनं ती एकदाही गळ्यात घातली नाही. हे मी आजवर कुठे सांगितलेलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आधी धंदा काय ते सांगते. मी आणि शेवंता, आम्ही दोघी बाळंतविडा शिवत होतो. शेवंता उचगावची, माझ्याच वयाची, लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली. बेळगावच्या बाजारातल्या एका बोळात माझी एक खोली होती, भाड्याची, पण पाटी माझ्या नावाची. कापणं आणि मशीन माझ्याकडे, हातशिवण तिच्याकडे. बाळंतविडा म्हणजे झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट, पाळण्यातली गादी. मुलीचं पहिलं बाळंतपण झालं की माहेरची माणसं आमच्याकडे यायची. वकिलाची बायको यायची आणि पिरनवाडीच्या शेतातून चिखलाच्या पायानं थेट आलेली आजीही यायची.

लोक विचारायचे, मशीन असताना हातानं का शिवता? मशीनची टीप ताठ असते. मोठ्या माणसाला काही कळत नाही, पण दहा दिवसांच्या बाळाच्या पाठीवर ती रात्रभर रुतते आणि सकाळी लाल रेघ उमटते. हाताच्या धावदोऱ्याला नरमपणा असतो. त्यातही शेवंताचा हात असा, की शिवण कुठे आहे ते बोट फिरवून कळायचं नाही. मी तीस वर्षं शिवणकाम केलं, चांगलं केलं, पण तसा हात मला आला नाही. तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं हेही खरं आहे.

आता एक रीत सांगते. आमच्याकडे सुई हातातून हातात देत नाहीत. मीठ देत नाहीत तसंच. दिली तर देणारीचं आणि घेणारीचं भांडण होतं म्हणतात. म्हणून एकीनं सुई मागितली की दुसरीनं ती जवळच्या कापडात टोचून ठेवायची, आणि मागणारीनं तिथून उपसून घ्यायची. दिवसातून वीस वेळा आम्ही असं करत होतो. भांडण कधी झालं नाही, त्यामुळे रीत बरोबरच आहे असं वाटायचं.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूरकडच्या एका रिटायर मास्तरांच्या नातीचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं. मास्तरांचा मुलगा विडा न्यायला आला तो सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी, आणि दारातच उभा राहिला. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हात चुकतात, हे शिवणाऱ्या कुणालाही विचारा. शेवंता शेवटच्या दुपट्याचा कोपरा मुडपत होती. मी कुंचीला लेस लावत होते. बाळाच्या कपड्याला चालेल अशी बारीक सुई त्या दिवशी खोलीत एकच उरली होती, आणि ती माझ्याकडे होती.

"मालू, बारीक सुई दे गं."

आमच्या दोघींच्या मध्ये शिवून झालेल्या दुपट्यांची चळत होती. मी दोरा तोडला, सुई वरच्या दुपट्याच्या घडीत टोचली आणि म्हटलं, "घे तिथनं."

तेवढ्यात मास्तरांचा मुलगा म्हणाला, "आक्का, बस गेली तर मग वडापची जीपच बघायला लागंल." शेवंता म्हणाली, "ऱ्हाऊ दे, हाय ह्या सुईनंच करते दोन टाके." तिनं हातातल्या सुईनं कोपरा संपवला, शेवटचं दुपटं चळतीवर ठेवलं, आणि मी सगळं उचलून गाठोड्यात बांधलं. बांधलं मी, हे लक्षात ठेवा. सुई टोचलीही मीच.

संध्याकाळी खोली झाडताना बारीक सुई दिसली नाही. शेवंता उचगावला गेली होती. मी लोहचुंबक फिरवला, चटई झटकली. मग हातात झाडू धरून उभी राहिले आणि मला ती सुई जशीच्या तशी आठवली, घडीत आडवी, नेढं बाहेर. मोबाईल होता. मास्तरांच्या मुलाचा नंबर वहीत होता. मी वही उघडली सुद्धा. पण उद्या बारसं असलेल्या घरात फोन करून काय सांगायचं? की दुपट्यात सुई असेल, बघा? असलं अभद्र कुणी बोलतं का, असं मी स्वतःला समजावलं. आणि सुई तिथे नसली, तर उगीच आपल्याच तोंडानं आपलं नाव घालवलं असं होईल. बाळंतविड्याच्या धंद्यात नाव गेलं की परत येत नाही. मी वही मिटली आणि घरी गेले.

बारशाला बाळ सारखं रडत होतं. लोक म्हणाले दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, पुन्हा त्याच दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घातलं. दोन दिवसांनी मांडी सुजली तेव्हा दवाखान्यात नेलं. एक्स-रेच्या फोटोत सुई दिसली, मोडलेली, सांध्याच्या जवळ. ऑपरेशन झालं. पोरगी वाचली. पाय मात्र वाढताना मागे पडला.

मास्तर आमच्या खोलीत आले ते पंधरा दिवसांनी. मी आरडाओरडा होईल या तयारीत होते. तसं काही झालं नाही. ते उंबऱ्याबाहेर चपला काढून आत आले, खिशातून कागदाची पुडी काढली आणि कापायच्या टेबलावर उघडली. आत नेढ्याकडचा अर्धा तुकडा होता.

"ही तुमच्याकडची आहे का, एवढंच विचारायला आलोय," ते म्हणाले.

मी टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. शेवंता खाली चटईवर बसली होती. तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग मास्तरांना म्हणाली, "व्हय मास्तर. दुपटी म्या शिवल्याली."

खोटं एक अक्षर नव्हतं. दुपटी तिनंच शिवली होती. पुढचं वाक्य माझं होतं, आणि ते मी बोलावं म्हणून ती थांबली. किती वेळ थांबली ते मला सांगता येत नाही. बाहेर कुणीतरी शटर खाली ओढलं, तोवर ती माझ्याकडे बघत होती.

आणि मी बोलले. मी म्हणाले, "तरी मी सारखी सांगत असते हिला, सुया मोजत जा म्हणून."

मी कधीच तसं सांगितलं नव्हतं. आमच्यात सुया कुणीच मोजत नव्हतं. माझ्या दोन मुली लग्नाच्या होत्या, नवऱ्याचं काम सुटलं होतं, पाटी माझ्या नावाची होती, ही कारणं मला तोंडपाठ आहेत. सोळा वर्षं मी ती म्हणते आहे. त्यांचा काही उपयोग होत नाही. त्या वाक्याची मला लाज वाटते, सकाळी चूल पेटवताना वाटते, बसमध्ये बसल्यावर वाटते.

मास्तर शेवंताला म्हणाले, "पुन्हा असं करू नका, बाई." एवढंच बोलून पुडी बांधून गेले. शेवंता उठली, चपला घातल्या आणि उचगावला गेली. तिचं अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलताना बोटात घालायची ती पितळी टोपी, चटईवर राहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही.

पुढच्या महिन्यात मी पहिली चंची शिवली. ती कशी ते सांगते, कारण ज्यांना हवी आहे त्यांना करता यावी. बाहेरून जुन्या इरकलीचा काठ लावायचा, तो वर्षानुवर्षं टिकतो. आत घोंगडीचा तुकडा. मेंढीच्या लोकरीत जो तेलकटपणा असतो त्यानं सुई गंजत नाही, हे मला एका धनगरणीनं सांगितलं होतं. घोंगडीवर दोऱ्याच्या सात अरुंद पट्ट्या. एका पट्टीत एकच सुई, जाडीपासून बारीकपर्यंत. सातवी सगळ्यात बारीक, बाळाच्या कपड्याची. एक पट्टी रिकामी असली तर पडलेल्या दातासारखी लगेच दिसते. खाली तीन कप्पे, एक छोट्या कातरीचा, एक मेणाचा आणि एक अंगुस्तानाचा. अंगुस्तानाचा कप्पा मी शेवंताच्या अंगुस्तानाच्या मापानं शिवला.

पहिल्या चंचीत दोन चुका झाल्या. नाडी लांब होती, वाकलं की कातरीचं टोक पोटात जायचं. आणि नाडी मजबूत होती. ही दुसरी चूक मोठी. पुढे एकदा ती मशीनच्या चाकात गेली आणि माझी मान चाकापर्यंत ओढली गेली. तेव्हापासून मानेमागे नाडी मुद्दाम कच्च्या टाक्यानं जोडते. ओढ बसली की नाडी तुटावी, मान राहावी.

आणि नियम दोन. एक, सुई दुसरीला द्यायची तर कापडात टोचायची नाही, चंचीत परत लावायची आणि चंची पुढे करायची. म्हणजे हातातून हातातही जात नाही, रीतही मोडत नाही. दोन, साती सुया जागेवर आल्याशिवाय उठायचं नाही. घरात पाहुणे येवोत, भात करपो, उठायचं नाही.

ती पहिली चंची, आत अंगुस्तान ठेवून, मी उचगावच्या एका भाजीवालीबरोबर शेवंताला पाठवली. आठवड्यानं भाजीवालीनं ती परत आणून दिली. अंगुस्तान काढून घेतलं होतं. निरोप काही नव्हता.

मग ती मीच गळ्यात घातली. बघून इतर बायकांनी मागितली. बाजारात काळे कोट शिवणारे एक अण्णा होते, सत्तरीचे, सुई दातात धरून बोलणारे. मी त्यांना एक नेऊन दिली, म्हटलं अण्णा, एखाद्या दिवशी गिळाल. ते म्हणाले, "आक्का, हे गळ्यात घालून भिंतीला टेकून बसलो, तर गिऱ्हाईक मला हार घातलेला फोटो समजंल की." त्यांनी ती मशीनच्या दिव्याला टांगली आणि सुई दातातच धरली. मरेपर्यंत गिळली मात्र नाही, हेही सांगायला पाहिजे.

निपाणीहून एक विडी कामगारीण आली होती. तिला सुया नको होत्या. कातर, पानं कापायचा पत्र्याचा तुकडा आणि दोऱ्याची गुंडी राहील अशी चंची हवी होती. शिवून दिली. पुढच्या वेळी ती तिच्या गल्लीतल्या नऊ जणींना घेऊन आली, आणि कप्पा कसा चुकला आहे ते नऊ जणींनी एकदमच मला समजावलं. तंबाखूची चंची मी तंबाखूतून बाहेर काढली होती, ती फिरून तंबाखूतच गेली. त्या दिवशी मी पुष्कळ दिवसांनी हसले.

पुढे बचत गटांच्या शिबिरांना मला बोलावू लागले. मराठी गटांना मराठीतून, कन्नड गटांना माझ्या मोडक्या कन्नडमधून मी चंची शिकवली. नियम पटावा म्हणून गोष्ट सांगायला लागायची. मी सांगायची, "आमच्याकडच्या एका बाईच्या हातून बाळाच्या दुपट्यात सुई राहिली..." बायका तोंडावर हात ठेवायच्या. मग नियम सांगितला की माना हलवायच्या. गोष्ट उत्तम चालायची. एका शिबिरात एका पोरीनं विचारलं, "ती बाई आता काय करते?" मी म्हटलं, "माहीत नाही."

मला माहीत होतं. उचगावात शेवंताला कुणी बाळाचं टोपरंसुद्धा शिवायला देईना. नंतर वाकळ, म्हणजे गोधडीही देईनात. बारशाला बायका तिला बोलवायच्या, पण पाळण्याजवळ येऊ द्यायच्या नाहीत. ती काजू फोडायच्या कारखान्यात जायला लागली. काजूच्या टरफलातून जे तेल निघतं त्यानं कातडी भाजते. बोटांना राख फासून काम करतात, तरी वर्षभरात बोटं काळी पडतात, टोकांची साल जाते. शेवंताची ती बोटं. हे मला भाजीवाली सांगायची, आणि मी तिच्याकडून दोन जुड्या जास्त घ्यायची. याच्यापलीकडे मी काही केलं नाही.

ती पोरगी मी एकदाच पाहिली, बाजारात, शाळेच्या गणवेशात. एका बुटाचा तळ जाड होता. मैत्रिणी पुढे गेल्या होत्या आणि ती त्यांना हाका मारत नव्हती, आपल्या चालीनं येत होती. मी एका दुकानात शिरले आणि नको असलेली बटणं विकत घेतली.

आता हातशिवणीला कोण विचारतं? बाळंतविडा मोबाईलवर मागवतात, तिसऱ्या दिवशी खोक्यातून येतो, सगळा मशीनचा. खोली मी चार वर्षांपूर्वी सोडली. गेल्या वर्षी एक मुलगी आली, चंच्यांची मोठी ऑर्डर घेऊन. फार छान बोलली, माझे फोटो काढले. चंच्या तयार झाल्यावर तिनं आतली घोंगडी चाचपली आणि म्हणाली, "आजी, हे आतलं टोचतं. हे काढून द्याल? यात लिपस्टिक आणि इयरफोन ठेवायचे असतात." मी एकेका चंचीतली घोंगडी उसवून काढली. सात सात पट्ट्या. उसवताना हात एकदाही थांबला नाही, आणि मला माझाच राग आला. ज्यातून कुणाचं रक्त निघालं ती गोष्ट शेवटी लिपस्टिकच्या पिशवीवर आली. माझ्यानंतर ही चंची कशासाठी होती हे सांगायला कुणी नाही, आणि मी जे सांगत आले तेही खोटं.

म्हणून संपादकबाईंचा फोन आल्यावर मी उचगावला गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा. दुपारची वेळ. शेवंता दिराच्या घरामागच्या खोलीत राहते. दार उघडंच होतं. ती उजेडाला पाय पसरून बसली होती आणि मांडीवर वाकळ होती. तिच्याच जुन्या लुगड्यांची, मऊ झालेली. बोटात अंगुस्तान होतं, सैल, टाका घालताना हलत होतं.

तिनं डोळे बारीक करून बघितलं. "कोन ते?"

"मी मालू."

तिनं हातातला टाका पूर्ण केला. मी उंबऱ्यावरच उभी. मग म्हणाली, "आलीयास तर बस की."

मी बसले. काय बोलायचं ते बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं, ते गेलं. मी एवढंच म्हटलं, "शेवंता, ती सुई मी टोचली होती."

"मला सांगतीस व्हय?" ती म्हणाली. टाका घालायची थांबली नाही. "म्या बगितलं न्हवतं काय?"

"मी ते आता लिहिणार आहे. अंकात. तुझं नाव घालू का?"

"माझं कशाला? माझं नाव समद्यास्नी ठावं हाय. तुझं घाल."

मला रडू आलं. तिला आलं नाही. ती माझं रडणं संपायची वाट बघत बसली, जसं आम्ही पूर्वी वीज यायची वाट बघत बसायचो. मग म्हणाली, "लुगडी लई जुनी हैत. जाड सुईनं टराटरा फाटत्यात. बारीक सुई दे गं."

मी गळ्यातली चंची उघडली. सातव्या पट्टीतली सुई काढली, तिला दिसणार नाही म्हणून मीच ओवली, गाठ मारली. आणि नियमाप्रमाणे ती परत चंचीत लावून चंची पुढे केली. शेवंतानं चंचीकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं तळहात पुढे केला.

"हातात दे."

"असं देत न्हाईत गं," मी म्हटलं.

"का? भांडान हुतंय म्हून?" ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली. "आपलं व्हायाचं काय ऱ्हायलंय, मालू?"

मी सुई काढून तिच्या हातात दिली. तिनं चिमटीत धरली. धरली असं तिला वाटलं. बोटांची टोकं काळी, गुळगुळीत, रेघ नसलेली. सुई तिच्या चिमटीतून सरकली, गाठीला धरायला मी हात पुढे केला तोवर दोराही गेला. वाकळीला सहा पदर होते, आणि कडेची शिवण अजून उघडीच होती. सुई आत गेली.

शेवंता बोटं तशीच चिमटीत धरून बसली होती. सुई गेली हे तिला कळलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिनं हाताकडे बघितलं.

मी वाकळ माझ्याकडे ओढली. एकेक पदर उचलला, तळहात फिरवला, झटकली, उजेडाकडे धरली. लोहचुंबक घरी होता. शेवंता भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ऱ्हाऊ दे की."

"सापडल्याशिवाय उठायचं नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी किती गावांत म्हटलं असेल.

"ऱ्हाऊ दे म्हनते न्हवं. ही वाकळ म्या एकटीच पांगरनार हाय. टोचली तर मलाच टोचंल." तिनं वाकळ माझ्या हातातून काढून आपल्या मांडीवर घेतली आणि जुन्या जाड सुईनं पुढचा टाका घातला. लुगडं जरा फाटलं. "तुला कोन इचारायला येनार न्हाय. बस चुकंल, जा तू."

तिनं पुन्हा वर बघितलं नाही. मी चंचीची घडी घातली, नाडी बांधली. आत सहा सुया होत्या. आणि मी उठले.